डॉक्टरकी पूर्ण करणारा चित्रकथाकार : ओसाका, १९४५ ते १९५२

जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका यांचा विषय निघाला की कॉमिक्सवेड्या मंडळींमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्यांनी मेडिकल सोडून कॉमिक्स केलं." गेल्या पाच वर्षांत हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या लोकांनी, अगदी मनापासून, सल्ला म्हणून ऐकवलं. मी मेडिकलची आहे. सध्या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप चालू आहे. आणि पहिल्या वर्षापासून मी कॉमिक्स काढते, म्हणून हा सल्ला.

पण ते वाक्य खरं नाही. तेझुकांनी मेडिकल पूर्ण केलं. पदवी घेतली, इंटर्नशिप केली, राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाले. पुढे १९६१ साली, सगळा जपान त्यांना चित्रकथाकार म्हणून ओळखत असताना, नारा वैद्यकीय विद्यापीठाकडून डॉक्टरेटही मिळवली. प्रॅक्टिस मात्र त्यांनी कधी सुरू केली नाही. कॉलेज सोडणं आणि प्रॅक्टिस न करणं यांत बाहेरच्याला फारसा फरक दिसणार नाही. रोज सकाळी वॉर्डात आणि रात्री कागदासमोर बसणाऱ्याला तो दिसतो. म्हणून या सात वर्षांचं प्रकरण, मला समजलं तसं, पूर्ण मांडते.

घरातली शिदोरी

तेझुकांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाकाजवळच्या तोयोनाकाचा. ही तारीख सम्राट मेइजींच्या जयंतीची, म्हणून त्या नावातलं एक अक्षर घेऊन मुलाचं नाव ओसामू ठेवलं. ते लहान असतानाच कुटुंब ताकाराझुकाला राहायला गेलं. हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि त्याहून जास्त तिथल्या संगीत नाटक मंडळीसाठी प्रसिद्ध आहे. त्या मंडळीत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, तिकडे बरोबर त्याच्या उलट. आई मुलाला ती नाटकं पाहायला न्यायची. घरी वडिलांकडे छोटा फिल्म प्रोजेक्टर होता, त्यावर चॅप्लिन आणि डिस्नेच्या फिल्म्स लागायच्या. आई मुलांना चित्रकथा वाचून दाखवायची तीही पात्रापात्राचे आवाज काढून.

युद्धाआधी घरात प्रोजेक्टर असणं ही काही सर्वसामान्य गोष्ट नव्हती. तेझुकांची गोष्ट सांगताना हे गाळलं जातं, आणि मग सगळं श्रेय जिद्दीच्या खात्यावर जमा होतं. जिद्द होतीच. पण हलणारं चित्र पुन्हा पुन्हा, घरात बसून, हवं तितक्या वेळा पाहायला मिळालं होतं हेही तितकंच खरं.

शाळेत असताना दुसरा छंद लागला तो किड्यांचा. जमिनीवर राहणाऱ्या एका भुंग्याला जपानीत ओसामुशी म्हणतात. स्वतःच्या नावाशी जुळणारा हा शब्द सापडल्यावर त्यांनी नावापुढे 'किडा' या अर्थाचं अक्षर जोडलं. तीच त्यांची लेखणीतली सही झाली, आयुष्यभर टिकली. त्या काळातल्या वह्यांमधली किड्यांची चित्रं पाहिली तर पायांची पेरं, मिशांचे सांधे, पंखांवरच्या रेघा सगळं जागच्या जागी आहे. शरीर नीट पाहून काढायची सवय वैद्यकाच्या वर्गात जायच्या कितीतरी आधीची होती.

डॉक्टर व्हावंसं का वाटलं

युद्धकाळात त्यांच्या दोन्ही हातांना बुरशीचा संसर्ग झाला. तो इतका वाढला की हात कापावे लागतील अशी वेळ आली होती. एका डॉक्टरांनी ते वाचवले. आपणही डॉक्टर व्हावं हे तेव्हा मनात आलं, असं तेझुकांनी पुढे सांगितलं आहे.

हे वाचताना मला माझ्या तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न आठवतो : मेडिकलला का आलीस? त्याची आम्ही जी उत्तरं देतो, त्यांपेक्षा हे उत्तर फार साधं आहे. ज्या हातांनी चित्रं काढायची तेच जाणार होते आणि ते कुणीतरी परत दिले. डॉक्टरकी आणि चित्र यांची गाठ या मुलाच्या आयुष्यात आधीच पडली होती. म्हणून "दोन परस्परविरोधी वाटा" ही मांडणी मला पटत नाही.

त्याच काळात शाळकरी मुलांना कारखान्यांत कामाला जुंपलं होतं. तेझुका कारखान्यात काम करत, लपूनछपून चित्रकथा काढत आणि ती पानं संडासाच्या भिंतीवर लावून ठेवत. इतर कामगार तिथे बसल्या बसल्या वाचत. माझ्या दृष्टीने हे त्यांचं पहिलं प्रकाशन. वाचक हक्काचा आणि एका जागी थांबलेला होता, खर्च शून्य. जून १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्बचा वर्षाव झाला तेव्हा ते कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होते. आसपास माणसं मेली, ते वाचले. या हल्ल्याचं दृश्य त्यांनी नंतर अनेकदा काढलं.

पुढच्याच महिन्यात, जुलै १९४५ मध्ये, त्यांनी ओसाका विद्यापीठाला जोडलेल्या वैद्यकीय विभागात प्रवेश घेतला. युद्धासाठी कमी वेळात डॉक्टर तयार करायला काढलेला तो अभ्यासक्रम होता. महिन्याभरात युद्धच संपलं. १५ ऑगस्टच्या रात्री ओसाकात पुन्हा दिवे लागलेले पाहिले आणि आपण जिवंत आहोत हे तेव्हा कळलं, ही आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. वय सोळा. कपाटात, त्यांच्याच सांगण्यानुसार, काढून ठेवलेल्या चित्रकथांची सुमारे तीन हजार पानं.

हा तीन हजारांचा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. माझी आत्तापर्यंत एकशे बारा झाली आहेत.

लाल पुस्तकांचा बाजार

जानेवारी १९४६ मध्ये मुलांच्या एका वर्तमानपत्रात त्यांची चार चौकटींची मालिका सुरू झाली, माचान नावाच्या छोट्या मुलाची रोजनिशी. सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला रोजच्या पेपरात जागा मिळाली ही मोठी गोष्ट होती. पण या प्रकरणाला खरं वळण मिळालं ते ओसाकातल्या बाजारामुळे, आणि तो बाजार समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

ओसाकात मात्सुयामाची नावाचा भाग आहे, खेळणी आणि मुलांच्या गोळ्या-बिस्किटांच्या घाऊक विक्रेत्यांचा. युद्धानंतर इथूनच 'आकाहोन' म्हणजे लाल पुस्तकं निघू लागली. मुखपृष्ठावर भडक लाल शाई, म्हणून हे नाव. कागदावर सरकारी नियंत्रण होतं, तेव्हा ही पुस्तकं नियंत्रणाबाहेरच्या हलक्या, पुन्हा लगदा करून बनवलेल्या कागदावर छापायची. पुस्तकांच्या दुकानांपेक्षा ती गोळ्या-चॉकलेटच्या टपऱ्यांवर आणि रात्रीच्या बाजारात विकली जायची. टोकियोच्या नामवंत प्रकाशकांच्या लेखी हा काही साहित्याचा व्यवहार नव्हता. शिक्षक आणि पालक नाकं मुरडायचे.

अशा बाजारात अठरा वर्षांच्या मुलाला कुणी "आधी शिक्षण पूर्ण कर" म्हणत नव्हतं. पानं आण, पैसे घे, पुढचं कधी देतोस, एवढाच व्यवहार. मोबदला एकरकमी. पुस्तक कितीही खपलं तरी पुढे काही मिळायचं नाही. पिळवणूक होती, यात शंका नाही. पण दारही उघडं होतं, आणि लांब गोष्ट सांगायला जागा होती. वर्तमानपत्रात चार चौकटी मिळतात, लाल पुस्तकात दीडशे-दोनशे पानं. तेझुकांना जे सांगायचं होतं ते चार चौकटींत मावणारं नव्हतंच.

मराठीत असा स्वस्त, बेफिकीर, पानांचा भुकेला बाजार कॉमिक्सला कधी होता का, हा प्रश्न मला हे वाचताना सारखा छळतो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली, मराठीतही यायची, १९९० मध्ये बंद पडली. माझ्या बाबांनी ती गल्लीतल्या वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने आणून वाचली. अमर चित्र कथा १९६७ पासूनची, मुंबईतली. तिच्यासाठी चित्रं काढणारे राम वाईरकर आणि प्रताप मुळीक हे आपलेच. म्हणजे वाचक होते आणि हातही होते. दिवाळी अंकांनी व्यंगचित्राला मानाची जागा दिली, चिंटू १९९१ पासून सकाळच्या पानावर आला. पण एखाद्या विद्यार्थ्याने दोनशे पानांची स्वतःची गोष्ट घेऊन जावं आणि कुणीतरी ती हलक्या कागदावर का होईना छापून टपरीवर टांगावी, असं दार मला तरी दिसलेलं नाही.

आमचं दार म्हणजे झेरॉक्सचं दुकान. ए-फोरचे चार कागद, दोन्ही बाजूंनी छापायचे, मधून दुमडायचे, मधोमध दोन पिना. सोळा पानांचं पुस्तक तयार. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांना आता पानांचा क्रम पाठ झाला आहे : पहिल्या कागदावर सोळावं आणि पहिलं, मागे दुसरं आणि पंधरावं. माझ्या शेवटच्या पुस्तकाच्या साठ प्रती निघाल्या. त्यातल्या बावीस हॉस्टेलच्या मेसमध्ये गेल्या.

नव्या रत्नद्वीपाची गोष्ट

१९४६ मध्ये तेझुकांची गाठ शिचिमा साकाई या वयाने बऱ्याच मोठ्या चित्रकाराशी पडली. साकाईंनी कथेचा आराखडा द्यायचा, तेझुकांनी चित्रं काढायची, असं ठरलं. त्यातून जानेवारी १९४७ मध्ये 'शिन ताकाराजिमा' म्हणजे 'नवं रत्नद्वीप' बाजारात आलं. चार लाख प्रती खपल्याचा आकडा सांगितला जातो.

पुस्तकाची सुरुवात प्रसिद्ध आहे. एक मुलगा उघड्या मोटारीतून बंदराकडे सुसाट निघाला आहे. गाडी समोरून येते, वळते, लहान होते, धक्क्याशी पोचते. शब्द जवळजवळ नाहीत. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण आपण सगळे याच्या नंतरचे वाचक आहोत. युद्धाआधीही काही जपानी चित्रकारांनी सिनेमासारख्या कोनांचे प्रयोग केले होते, त्यामुळे "सगळं तेझुकांनीच शोधलं" असं मी म्हणणार नाही. पण युद्धानंतरच्या उपाशी पिढीच्या हातात हे पहिल्यांदा पडलं. तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावात दोन शाळकरी मित्रांनी ते वाचलं आणि आपण सिनेमा पाहतोय असं त्यांना वाटलं. त्यांची नावं हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको. फुजिको फुजिओ या एकाच नावाखाली ही जोडी पुढे काम करू लागली, आणि त्यातल्या फुजिमोतोंनी डोरेमॉन काढला. दुपारी शाळेतून आल्यावर टीव्हीसमोर जेवणाऱ्या माझ्या पिढीतल्या प्रत्येक मराठी मुलापर्यंत ती मोटार अशी येऊन पोचली आहे.

आता त्याच पुस्तकाची दुसरी बाजू. तेझुकांनी काढलेल्या सुमारे अडीचशे पानांतून साठेक पानं साकाईंनी कमी केली. काही चेहऱ्यांतही बदल केले. त्याहून मोठी गोष्ट छपाईची. लाल पुस्तकांना फोटो काढून प्लेट करण्याची चैन परवडत नसे. कारागीर मूळ चित्रावरून हाताने पुन्हा रेघा गिरवून छपाईची प्लेट बनवायचा. म्हणजे वाचकांनी जी रेघ पाहिली ती तेझुकांच्या हातची नव्हतीच. तिची कुणीतरी घाईत केलेली नक्कल होती. ज्या पुस्तकाने एका पिढीचे हात कागदाकडे वळवले, त्यात त्याच्या चित्रकाराची स्वतःची एकही रेघ नाही.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रात्रपाळीला होते आणि मला खरंच रडू आलं. झेरॉक्समध्ये माझी बारीक रेघ तुटते म्हणून मी आठवडाभर चिडचिड केली होती. इथे अख्खं पुस्तक दुसऱ्याच्या हाताने पुन्हा काढलं गेलं, आणि तरीही त्यातली गाडी धावली. रेघ हरवली तरी चौकटींचा क्रम उरला होता. पुढच्या चौकटीत नजर कुठे उतरावी हे ज्याने ठरवलं, त्याचं काम कारागिराला पुसता आलं नाही. तेव्हापासून मी रेघेवर कमी आणि कच्च्या आराखड्यावर जास्त वेळ घालवते. आधी अंगठ्याएवढ्या चौकटींत सगळी सोळा पानं काढते. त्यात गोष्ट चालली नाही तर शाई लावायला घेत नाही.

वर्गात

ताकाराझुका ते ओसाका रेल्वेने ये-जा, दिवसा वर्ग, रात्री पानं. १९४७ नंतर लाल पुस्तकं डझनावारी आली. १९४८ चं 'लॉस्ट वर्ल्ड' तर शाळेत असतानाच काढलेल्या गोष्टीचं नवं रूप होतं. ते तीन हजार पानांचं कपाट इथे कामाला आलं. शिकत असताना नवं सुचायला वेळ मिळत नाही, जुनं मात्र पुन्हा नीट काढता येतं, हे ज्याने परीक्षेच्या महिन्यात काही काढायचा प्रयत्न केला आहे त्याला पटेल. याखेरीज विद्यार्थ्यांच्या नाटक मंडळीत ते काम करत. 'क्राइम अँड पनिशमेंट'च्या प्रयोगात छोटी भूमिकाही केली आणि १९५३ मध्ये त्याच कादंबरीची चित्रकथा काढली. वाया काही गेलं नाही.

व्याख्यान चालू असताना ते चित्रं काढत. शेवटी एका प्राध्यापकांनी सांगितलं की तू डॉक्टर होण्यापेक्षा चित्रकथाच काढ. या किश्श्यावर लोक हसतात, मला तो गंभीर वाटतो. त्या शिक्षकाने मुलाला नापास म्हणून हिणवलं नाही. तो कशात चांगला आहे हे पाहून सांगितलं. आमच्या वॉर्डातल्या एका मॅडमनी एकदा माझ्या वहीतलं पान पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, स्टेथोस्कोप उलटा घातलायस त्याच्या कानात. इअरपीस पुढच्या बाजूला झुकलेले हवेत." तेवढ्या एका वाक्याने माझ्या दोन्ही वह्या एक झाल्या.

इंटर्न असताना तेझुका रुग्णांच्या केसपेपरवर त्यांचे चेहरे काढत, असाही एक किस्सा आहे. तो कौतुकाने सांगितला जातो. मला तो रुचत नाही. केसपेपर रुग्णाचा असतो. उद्या कुणी दुसरा डॉक्टर त्यावरून औषध देणार असतो, कधी तो कोर्टात जातो. मी रुग्णांची चित्रं काढत नाही. रांग काढते, सलाइनचे स्टँड काढते, नातेवाइकांच्या पिशव्या आणि स्टीलचे डबे काढते, पहाटे चारला कॅज्युअल्टीच्या पायरीवर झोपलेला वॉर्डबॉयदादा त्यांना विचारून काढला. माझी ही मर्यादा मीच आखलेली आहे आणि तिने माझं कॉमिक्स गरीब झालेलं नाही.

मेडिकलने तेझुकांना काय दिलं याचं उत्तर सहसा 'ब्लॅक जॅक' असं दिलं जातं : १९७३ पासून दहा वर्षं चाललेली, परवाना नसलेल्या शल्यविशारदाची मालिका. बरोबर आहे, पण ते पंचवीस वर्षांनंतरचं फळ. विद्यार्थीदशेतच काय मिळालं ते मला माझ्या हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या, जर्नलमुळे कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते दोन रंगीत पेन्सिलींनी काढायचं. पेशीचं केंद्रक जांभळं, भोवतालचं गुलाबी. पहिल्या महिन्यात सगळ्यांचं यकृत आणि सगळ्यांची लाळग्रंथी सारखीच दिसते, कारण आपण पुस्तकातली आकृती आठवून काढतो. सर जर्नल परत फेकतात : "जे दिसतंय ते काढ." मग तासभर एकाच स्लाइडवर डोळा ठेवून बसावं लागतं. त्या तासात मला कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त चित्रकला शिकायला मिळाली. आणि तेझुकांच्या डॉक्टरेटचा विषय काय होता? तानिशी नावाच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या शुक्रपेशींची रचना. किडे काढणारा मुलगा तेहेतिसाव्या वर्षाच्या आसपास पुन्हा भिंगाखाली बसला होता. त्याच्या मालिका सगळीकडे छापून येत असतानाही.

१९५० चं वर्ष आणि टोकियो

या भागाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर १९५० मध्ये टोकियोच्या 'मांगा शोनेन' मासिकात 'जंगल सम्राट' सुरू झालं, पांढऱ्या सिंहाची ती मालिका. तेझुका अजून विद्यार्थीच होते. मार्च १९५१ मध्ये पदवीचं शिक्षण संपलं आणि एप्रिलमध्ये 'शोनेन' मासिकात अ‍ॅटम हे यंत्रमानव मुलाचं पात्र पहिल्यांदा आलं. वर्षभराने त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका निघाली. आपण त्याला अ‍ॅस्ट्रो बॉय म्हणून ओळखतो. मधल्या काळात ओसाकातल्या रुग्णालयात इंटर्नशिप.

या तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या तर दिसतं ते असं : निर्णयाची वेळ आली तेव्हा तेझुकांपाशी एका हातात पदवी होती आणि दुसऱ्या हातात राजधानीच्या मासिकांमधली चालू कामं. पाच वर्षं लाल पुस्तकांनी वाचक दिला होता, त्या वाचकाने संपादकाचं लक्ष वेधलं होतं. त्यांनी अंधारात उडी मारलेली नाही. पायाखाली जमीन आल्यावर पाऊल उचललं. याउलट पदवी हा 'सुरक्षेचा' विमा होता असंही नाही, कारण ती त्यांनी नंतर कधी वटवली नाही. सुरू केलेलं पुरं करायचं, एवढंच मला त्यात दिसतं. तीन हजार पानं काढणाऱ्याचा स्वभाव तोच असणार.

आईचा प्रश्न

शिक्षण संपत आलं तेव्हा त्यांनी आईला विचारलं की मी काय करू. आईने उलट विचारलं, तुला खरं काय आवडतं? चित्रकथा, ते म्हणाले. मग टोकियोला जा आणि चित्रकथाकार हो, असं आई म्हणाली. ही हकीकत तेझुकांनी स्वतः सांगितली आहे आणि आईचे ऋण मानले आहेत.

हा प्रसंग नेहमी एकटा सांगितला जातो, जणू आईने एका वाक्यात परवानगी दिली. पण ही तीच आई, जिने आवाज काढून चित्रकथा वाचल्या होत्या, नाटकाला नेलं होतं. तिने त्या क्षणी काहीच नवं ठरवलं नाही. ती पंधरा वर्षं त्या मुलाच्या गोष्टी ऐकत आली होती. आणि मुलाने प्रश्न विचारला तोसुद्धा सगळं करून झाल्यावर. बारावीच्या निकालादिवशी "मला कॉमिक्स करायचंय" म्हणणं आणि इंटर्नशिपच्या काळात, वाचक आणि मासिकं हातात असताना तेच म्हणणं, या दोन वाक्यांचं वजन ऐकणाऱ्या आईसाठीही वेगळं असतं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या सोळा पानी पुस्तकांपैकी दोन तिने चौथीच्या वर्गात वाचून दाखवली. मुलांनी पुढचं कधी येणार विचारलं, हे तिने मला फोनवर जरा उशिराच, दुसऱ्याच कशाच्या ओघात सांगितलं. मी तिला अजून काही विचारलेलं नाही. पीजीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास चालू आहे आणि चोवीस पानांची एक गोष्ट अर्ध्यावर आहे. यातलं आधी काय पुरं करायचं ते मला ठाऊक आहे : दोन्ही.

मूळ पानं

तेझुका १९५२ मध्ये टोकियोला गेले. ९ फेब्रुवारी १९८९ ला वारले तोवर सुमारे दीड लाख पानं काढली होती. त्यातली एक नोंद या प्रकरणाच्या शेवटी ठेवते, कारण ती विद्यार्थी असतानाच्या कामाबद्दल आहे.

त्यांच्या समग्र साहित्याचे खंड निघू लागले तेव्हा 'नवं रत्नद्वीप' कसं घ्यायचं हा पेच पडला. मूळ पानं हातात नव्हती, छापलेली रेघ त्यांची नव्हती, साठेक पानं कापलेली होती. १९८४ साली, पंचावन्न वर्षांच्या तेझुकांनी अठराव्या वर्षी काढलेलं ते पुस्तक पहिल्यापासून पुन्हा काढलं. कापलं गेलेलं त्यात परत घातलं. मूळ आवृत्ती जशीच्या तशी पाहायला वाचकांना २००९ च्या पुनर्मुद्रणाची वाट पाहावी लागली.

माझी एकशे बारा पानं मी एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात ठेवते. ए-थ्री कागद त्यात न दुमडता बसतो. प्रत्येक पानाच्या मागे पेन्सिलने तारीख आणि त्या दिवशीची ड्यूटी लिहिलेली असते : कॅज्युअल्टी, लेबर रूम, पीएचसी. स्कॅन सहाशे डीपीआयवर, दोन ठिकाणी. पाकिटावर रुग्णाच्या नावाच्या रकान्यात माझं नाव आहे आणि तपासणीच्या रकान्यात पानांचे क्रमांक.